भरड

२०२३ च्या मे महिन्यात मी धाकट्या मुलाकडे कॅनडात गेले होते. टोरांटोपासून तासाभराच्या अंतरावर त्याचे घर आहे. सकाळी सूनबाई कामावर जाई, नातवंडे शाळेत जात आणि मुलगा आठवड्यातले तीन दिवस घरीच संगणकासमोर बसून काम करी. दुपारी जेवणाच्या वेळी काय तो माझ्या वाट्याला येई. अशाच एका दुपारी जेवण संपता संपता तो म्हणाला, "आई, मला एक गिरणी घ्यायची आहे. तू निवडायला मदत कर."

मला आनंद झाला. इतक्या दूर येऊनही मुलाला घरच्या पिठाची आठवण होते, असे मनात आले. "दगडाचीच घे. लोखंडी गिरणीत पीठ तापतं आणि भाकरी वातड होते," मी म्हणाले. तो जरा घुटमळला. मग खाली पाहत म्हणाला, "भाकरीसाठी नाही आई. सातूसाठी. मी घरी बीअर करतो. दोन वर्षं झाली."

मी ताटे उचलली आणि नळाकडे वळले. त्या दिवशी पुढे काही बोलणे झाले नाही.

गिरणी हा शब्द आमच्या घरात फार वर्षे कुणी सहज उच्चारीत नसे. मुलाचे वडील लोअर परळच्या एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात फिटर होते. वसईहून पहाटेची गाडी पकडून जात. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि रीतसर मिटला असा तो संप कधी मिटलाच नाही. ह्यांची नोकरी गेली. संपाने ह्यांना प्यायला शिकवले असे मात्र मी म्हणणार नाही. शनिवारी पगाराच्या आसपास घेण्याची सवय आधीपासून होती. संपानंतर सगळेच वार शनिवारासारखे झाले एवढेच. १९९१ च्या पावसाळ्यात ते गेले. पोट फुगले होते, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढचे वाचकांना सांगायला नको. आपल्या गावांत अशी घरे मोजायला बसले तर एका हाताची बोटे पुरत नाहीत.

तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही. खाली तळघरात काय काय ठेवलेले असेल, याचाच विचार करीत पडून राहिले. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. माझ्या लहानपणी हातभट्टीवर धाड पडली की सारा पाडा दारे लावून बसत असे. कॅनडात स्वतःपुरती बीअर घरी करायला सरकारची आडकाठी नाही, विकायची मात्र नाही, हे मला मुलाने नंतर सांगितले. पण कायदा काय म्हणतो ही माझी चिंता नव्हतीच.

सकाळी उठून मी स्वतःच तळघरात गेले. तिथे मला ना वास आला, ना बाटल्यांचा ढीग दिसला. एका फळीवर पितळी टोप्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, दोन मोठी पातेली, एक उष्णतामापक आणि कोपऱ्यात झाकणाच्या डब्यात धान्य. जन्म धान्यात गेलेल्या बाईचा हात डब्यात गेल्याशिवाय राहत नाही. मी मूठभर दाणे उचलले. सातूच तो, पण हलका, कुरकुरीत. एक दाणा दाताखाली चावला तर गोड लागला!

मुलगा मागे येऊन उभा होता. त्याने सांगितले ते मला पटकन समजले, कारण ते मला ठाऊकच होते, फक्त वेगळ्या नावाने. सातू भिजवतात, त्याला मोड आणतात आणि मोड फार वाढायच्या आत तो गरम हवेवर वाळवतात. त्याला ते माल्ट म्हणतात. नाचणी भिजवून, मोड काढून, वाळवून, दळून त्याचे सत्त्व आपण बाळांना देतोच की! मोड येताना दाण्यात असे काही पाचक द्रव्य तयार होते की जे पिठुळ भागाची साखर करते. म्हणून मोडाच्या नाचणीची खीर पातळ होते आणि तान्ह्याला पचते. बीअरमध्ये हेच काम पातेल्यात करून घ्यायचे. भरडलेला माल्ट पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवायचा, गोड पाणी निथळून घ्यायचे, ते हॉप नावाच्या कडू फुलांबरोबर उकळायचे, गार करायचे आणि खमीर घालून आंबू द्यायचे. हॉप सोडले तर ह्यात मला नवे असे काही नव्हते. पूर्वी आपल्याकडे फुग्यांचे पीठ ताडीने फुगवीत, त्यालाही कुणी दारू गाळणे म्हटले नाही.

"मग गिरणी कशाला? आजपर्यंत कसं करत होतास?" मी विचारले.

दुकानदारच धान्य भरडून देतो, पण त्यात दोन अडचणी आहेत, असे तो म्हणाला. अख्खा माल्ट कोरड्या जागी वर्षभर टिकतो. एकदा फोडला की हवा लागून काही आठवड्यांत मऊ पडतो. दुसरे म्हणजे दुकानातली गिरणी कधी सैल, कधी आवळलेली. तेच धान्य, तेच वजन, तेच पाणी, पण एकदा गोड पाण्याची घनता १.०५० येते, तर पुढच्या खेपेस १.०४२. त्याने आपली वही उघडून दाखवली. प्रत्येक खेपेची तारीख, धान्याचे वजन, पाण्याचे तापमान, घनता, सगळे शाईने लिहिलेले. अक्षर वडिलांसारखे, उजवीकडे झुकणारे. माझा राग थोडा निवळला तो त्या वहीमुळे, हे मी लपवीत नाही. पिणारा माणूस हिशेब ठेवीत नाही, असा माझा तोवरचा अनुभव होता.

गिरणीचे काम नेमके काय, हे समजायला मला वेळ लागला नाही, उलट मुलालाच ते समजावून सांगायला शब्द सापडत नव्हता. इंग्रजीत म्हणे त्याला चिरडणे म्हणतात. पण चिरडायचे नाही. सातूच्या दाण्यावर भातासारखे तूस असते. ते तूस शक्य तितके अखंड राहिले पाहिजे आणि आतला गर तीन-चार तुकड्यांत फुटला पाहिजे. तूस अखंड का? तर निथळण्याच्या वेळी पातेल्याच्या तळाशी तेच तूस साचून गाळणी होते. तुसाचा चुरा झाला तर गाळणी तुंबते, शिवाय काढ्याला तुरट चव येते. गर फारच बारीक झाला तर खळ बनते. दाणे अख्खे राहिले तर आतली साखर आतच राहते आणि पैसे वाया जातात.

"अरे, ह्याला भरडणं म्हणतात," मी म्हणाले.

माझ्या माहेरी पडवीत घिरट होते. भात भरडण्याचे ते भले मोठे जाते. दोघी बायका समोरासमोर बसून ते ओढीत. घिरटातून भात बाहेर पडे तेव्हा तूस सुटलेले असे आणि तांदूळ सहसा मोडलेला नसे. कणी फार पडू लागली की आजी हात थांबवायला सांगे. खुंट्याशी चिंधीचे एक कडे सरकवून ती वरची तळी किंचित उचलून घेई. फार उचलली तर भात तसाच्या तसा खाली येई. किती उचलायची याचे माप तिच्याकडे नव्हते. मुठीत भरड घेऊन ती अंगठ्याने चोळी आणि पुन्हा हात फिरू लागत. दळणे, भरडणे, कांडणे, सडणे ही चार कामे वेगळी आहेत, हे आम्हाला कुणी शिकवावे लागले नाही. विजेची गिरणी आली तसे घिरट अंगणात गेले, त्यावर तुळशीबागेतल्यासारख्या कुंड्या आल्या आणि एके वर्षी वाळवीने ते संपवले.

मग आमची खरेदी सुरू झाली. मुलाच्या ओळखीत घरी बीअर करणारे चार-पाच जण होते. त्यांच्यापैकी दोघांकडे आम्ही शनिवारी गेलो. पहिल्याकडे कोलंबियात बनणारी कोरोना नावाची हातगिरणी होती. मुळात ती मक्यासाठी. वर नरसाळे, बाजूला दांडा, आत समोरासमोर दोन दातेरी लोखंडी तबकड्या. आपल्याकडे मांस खिमा करायचे जे यंत्र टेबलाला आवळून लावतात, तसेच तिचे रूप. सगळ्यांत स्वस्त हीच. मला ती पाहताच आवडली, कारण तिच्यात न समजण्यासारखे काही नव्हते. पण तबकड्या दाणा रगडतात. तूस फाटते. त्या गृहस्थाला त्याचे काही वाटत नव्हते, कारण तो धान्य कापडी पिशवीत घालून भिजवतो आणि पिशवीच उचलून निथळतो. ही रीत ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी रूढ केली. पिशवीच गाळणी असल्यावर तूस फाटले काय नि राहिले काय! मुलाच्या मते त्याची बीअर मुळीच वाईट नव्हती. आमच्या घरी मात्र जाळीच्या तळाचे पातेले आधीच घेऊन ठेवलेले होते.

दुसऱ्याकडे रुळांची गिरणी होती. उसाच्या चरकाची मूर्ती लहान करून आडवी ठेवली तर कशी दिसेल, तशी. दोन पोलादी रूळ, त्यांवर दाणा धरण्यासाठी बारीक चौकटीच्या खाचा, दोहोंमध्ये फट. दाणा फटीत दाबला जातो, गर फुटतो आणि तूस सोलपटासारखे राहते. काही गिरण्यांत फट कायमची ठरलेली असते, काहींत दोन्ही टोकांच्या फिरक्यांनी ती कमीजास्त करता येते. साधारण एक मिलिमीटर, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर एकोणचाळीस-चाळीस भाग, हे सातूला चालते. गहू त्याहून बारीक आणि त्याला तूस नाही, त्याला फट आवळावी लागते. म्हणून ठरीव फटीची गिरणी मी तिथेच बाद केली. ज्या जात्याची तळी उचलता येत नाही, ते जाते कसले?

तीन रुळांचीही असते. ती दुकानात मांडलेली पाहिली. वरच्या जोडीत दाणा नुसता चेपला जातो, खालच्या फटीत फुटतो. भरड अधिक सारखी येते म्हणे, पण किंमत बरीच जास्त, आणि आमचे धान्य एका खेपेला पाच किलोच्या आसपास. त्यातून १९ लिटर होते. पाच किलोसाठी एवढा थाट मला पटला नाही. रुळांची जाडी मात्र पाहायची असते. बारीक रूळ फट आवळल्यावर दाणा आत ओढीत नाहीत, दाणे वरच नाचत राहतात. दीड इंचाचे बरे, दोन इंचाचे अधिक बरे. आणि रूळ साध्या पोलादाचे असतील तर दमट तळघरात गंजतात. अशी गिरणी पाण्याने कधीही धुवायची नाही, कोरड्या कुंचल्याने झाडायची. हे ऐकून मला हसू आले, कारण जातेही आपण धुतो ते सणावारीच.

दुसऱ्या गृहस्थाच्या गॅरेजमध्ये मी एक मागणी केली. मुलाला जरा संकोच वाटला, पण त्याने ती पुढे पोहोचवली. मला दोन्ही गिरण्यांची मूठ मूठ भरड आणि दुकानातून भरडून आणलेली एक मूठ हवी होती. सूप नव्हते. केक भाजायचा पत्र्याचा ट्रे होता, तो घेतला. गॅरेजच्या दारात उभी राहून मी तीन वेळा पाखडले. तूस पुढे गेले, कण मागे राहिले, पीठ चहाच्या गाळणीने वेगळे काढले. तीन कागदांवर तीन-तीन ढीग मांडले. कोरोनाच्या तुसाच्या ढिगात चुरा होता आणि पीठ बरेच. दुकानातल्या भरडीत अख्खे दाणे मोजून अकरा सापडले, ते मी मुलाच्या हातात ठेवले. रुळांच्या भरडीत तूस जवळजवळ पूर्ण, आतून रिकामे. ते गृहस्थ खाली वाकून पाहत होते. ते म्हणाले, ह्यासाठी आम्ही वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्यांचा संच विकत घेतो.

परत येताना गाडीत मुलाचा उत्साह वाढला होता. त्याने मला साधूसंन्याशांची उदाहरणे दिली. बेल्जियमच्या वेस्टमॅले आणि ऑर्व्हालच्या मठांत ट्रॅपिस्ट साधू बीअर करतात आणि त्यावर मठाचा खर्च भागतो. बव्हेरियातल्या फ्रायझिंगच्या बेनेडिक्टाइन मठात हजार वर्षांपूर्वीपासून ही परंपरा होती. रोमन रिच्युअल ह्या विधिग्रंथात बीअरला आशीर्वाद देण्याची लॅटिन प्रार्थनासुद्धा आहे. हे सगळे खरे आहे, मी परतल्यावर एका वृद्ध फादरांकडून त्याची खातरजमा करून घेतली. पण त्या वेळी माझ्या तोंडून निघून गेले, "मठात बायकापोरं नसतात."

तो गप्प झाला. मलाही ते बोलायला नको होते.

गिरणी आठवड्याने आली. दोन रुळांची, फट बदलता येणारी, हाताच्या दांड्याची. दांड्याच्या जागी विजेचे ड्रिल जोडता येते, पण ड्रिल वेगाने फिरले की तूस फाटते, तेव्हा आधी हाताने शीक, असे मी बजावले. गॅरेजमध्ये एका फळीवर ती बसवली. तळघरात नको, कारण धान्याच्या धुळीत आंबटपणा आणणारे जंतू असतात, ते आंबत्या भांड्यात उडाले तर सगळेच आंबट. सोबत त्याने गव्हासाठी आणखी एक पिशवी मागवली होती. पारदर्शक प्लॅस्टिक, वर छापील नाव, किंमत चांगली चार-पाच डॉलर. आत पाहते तर भाताचे तूस! गव्हाला स्वतःचे तूस नसल्यामुळे गाळणीसाठी हे मिसळतात. ज्या तुसाचे ढीग आम्ही वीटभट्टीवाल्याला गाडीभर देत असू, शेगडीत कोंबून जाळीत असू, ते इथे पौंडाने विकत मिळते! मी ती पिशवी नातीला दाखवून तिला घिरटाची गोष्ट सांगितली. तिला ती फारशी गमतीची वाटली नाही.

पहिल्या खेपेस मी मुद्दामच लक्ष घातले नाही. दांडा फिरण्याचा आवाज वीसेक मिनिटे येत होता. तासाभराने मुलगा वर आला, चेहरा पडलेला. पातेल्याची तोटी उघडली तर थेंब गळेना. खाली जाऊन पाहिले, तर पातेल्यात धान्याची पेज झाली होती.

"किती ठेवली होतीस फट?"

"बारीक केली होती. जास्त साखर मिळेल म्हणून."

"मग तू दळलंस. भरडलं नाहीस."

पिशवीतले तूस त्यात मिसळून, गरम पाणी घालून, हलक्या हाताने ढवळून आम्ही कसेबसे ते निथळून घेतले. तीन तास गेले. सगळे आवरल्यावर तो गिरणीपाशी गेला. फिरक्यांवरच्या खुणांवर भरवसा नाही, नीट मोजायला हवे, असे काहीसे पुटपुटत त्याने हत्यारांच्या खणातून एक वस्तू काढली आणि मी जागीच उभी राहिले.

तो ह्यांचा फिलर गेज होता. पोलादी पात्यांचा पंखा, प्रत्येक पात्यावर आकडा कोरलेला. कार्डिंगच्या यंत्रात दोन दातेरी पृष्ठभाग एकमेकांना न लागता अगदी जवळून फिरतात. त्यांच्यातले अंतर इंचाच्या हजाराव्या भागांत लावायचे असते. दहा थाउ, बारा थाउ, असे आकडे हे झोपेतसुद्धा बोलत. माणूस शुद्धीवर असला की त्यांच्या हाताला दृष्ट लागण्यासारखा नेमकेपणा होता, हे मी त्यांच्या हयातीत कधी कुणाला सांगितले नाही. ते गेल्यावर हत्यारांची पेटी मी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. काही ठेवायचेच नव्हते मला.

"हा तुझ्याकडे कसा?"

"तू पेटी देणार होतीस त्याच्या आदल्या रात्री काढून ठेवला."

त्याने पंचवीस आणि पंधराची पाती एकत्र धरली, रुळांच्या एका टोकाशी सरकवली आणि फिरकी आवळू लागला. मी म्हणाले, "दोन्ही टोकांना बघ. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला सैल असलं की सगळं वाया, असं पप्पा म्हणत." ह्यांचे नाव मी इतक्या सहज बत्तीस वर्षांत घेतले नव्हते. त्याने दुसरे टोक पाहिले. तिथे फट खरोखरच जास्त होती.

मग आम्ही तिथेच पायरीवर बसलो. तो बोलत होता, पण माझ्याकडे पाहत नव्हता. दहा वर्षांचा असल्यापासून ह्यांच्यासाठी बाटली आणायला तो जात असे. मला ठाऊक नव्हते. मी शिवणवर्गाला जाई त्या वेळेत हे त्याला पाठवीत आणि उरलेले आठ आणे त्याला देत. आठ आण्यांचे तो बोरे घेई. "मला खूप वर्षं वाटायचं, मी आणून देत होतो म्हणून ते गेले," तो म्हणाला. कॉलेजात, नोकरीत, लग्नसमारंभांत त्याने ग्लासाला हात लावला नव्हता. चाळिशी उलटल्यावर एका मित्राच्या घरी त्याने धान्य, पाणी, हॉप आणि खमीर समोर मांडलेले पाहिले. "त्या दिवशी भीती वाटली नाही, आई. पेज रटरटते तसा वास येत होता. पप्पांकडे यायचा तो वास नव्हता."

मी विचारले, "किती पितोस?" प्रश्न विचारायचाच होता, तो मी आईच्या नात्याने स्पष्ट विचारला.

"शनिवारी एक, रविवारी जेवताना एक. बाकीच्या वाटून टाकतो. वहीत लिहितो."

शनिवार हा शब्द मला टोचला. मी ते त्याला बोलून दाखवले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बरं. शुक्रवारी घेईन." आम्ही दोघेही हसलो, पण मी शेवटपर्यंत हसू शकले नाही. मूल सांगते त्यावर विश्वास ठेवावा असे मन म्हणते, आणि हे पण असेच सांगत, असेही तेच मन म्हणते. घरोघरी अशा आया आहेत, त्यांना हे उमगेल. मी त्याला शपथ घातली नाही. शपथा ह्यांनी पुष्कळ घेतल्या होत्या, एकदा तर मिशनच्या वेळी क्रुसावर हात ठेवून घेतली होती.

दुसऱ्या खेपेला मी जवळ बसले. भरडण्यापूर्वी धान्यावर थोडे पाणी शिंपडायचे, वजनाच्या दोन टक्क्यांइतके, म्हणजे पाच किलोला शंभर मिलिलिटर, आणि दहा मिनिटे झाकून ठेवायचे. तूस ओले होऊन लवचीक होते, गर कोरडाच राहतो. हे त्याला मित्राने सांगितले होते, पण हात कसा फिरवायचा ते मी दाखवले. फट चाळीस थाउ, दोन्ही टोकांना. त्याने दांडा फिरवला, मी वरून धान्य सोडले. पहिली मूठ अंगठ्याने चोळून पाहिली. तूस पोकळ, आत रवा. "चालू दे," मी म्हणाले. गोड पाणी तासाभरात निथळले. घनता १.०५१ आली. वहीत त्याने आकडा लिहिला आणि पुढे कंसात 'आई' असे लिहिले.

ती बीअर मी चाखली नाही. महिन्याभराने बाटल्या तयार झाल्या तेव्हा मी परतीच्या सामानाची आवराआवर करीत होते. ३४१ मिलिलिटरच्या बावन्न बाटल्या भरल्या. सून म्हणाली, घोटभर घेऊन बघा. मी वास तेवढा घेतला. पावाचा, थोडा मधाचा, मागे काहीतरी कडवट.

आता तो दोन-अडीच महिन्यांतून एकदा धान्य भरडतो, नेहमी शनिवारी सकाळी. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ असते. पहिली मूठ ताटलीत पसरून तो तिचा फोटो मला पाठवतो. मी चष्मा लावून, फोटो मोठा करून पाहते. गेल्या खेपेस त्याने नवीन पोत्यातला माल्ट घेतला होता, दाणा बारीक होता, तीन-चार दाणे अख्खेच दिसले. मी कळवले, "किंचित आवळ. दोन थाउ." मग नेहमीप्रमाणे विचारले, मागच्यातल्या किती उरल्या? त्याने लगेच फळीचाही फोटो पाठवला. मी मोजल्या. एकोणीस होत्या.